टॅब घ्यायचा की पेन्सिल? आधी कटिंगचा ग्लास काढून बघा

मागच्या आठवड्यात कल्याण स्लोला चक्क बसायला जागा मिळाली म्हणून मी स्केचबुक बाहेर काढलं, तर समोरच्या बाईंनी घाटकोपरपासून प्रश्न विचारायला सुरुवात केली. त्यांना आता चाळिशीत ड्रॉइंग शिकायचंय, मुलगा म्हणतो आई टॅब घे, नवरा म्हणतो आधी वही-पेन्सिल घेऊन बस मग बघू, आणि ह्या दोघांच्या मधे त्या सहा महिने नुसत्याच थांबल्यात. "ताई, तुम्ही रोज काढता ना, मग तुम्हीच सांगा काय घेऊ." मी सांगायला लागले आणि तेवढ्यात ठाणं आलं, त्या उतरल्या, माझं अर्धं सांगायचं राहूनच गेलं. ते सगळं इथे लिहितेय, त्यांच्यासाठी आणि त्यांच्यासारख्या सगळ्यांसाठी.

मी चित्रं काढून पोट भरते, दिवसा ऑफिसात पेन टॅब्लेटवर आणि जाता-येता कागदावर, त्यामुळे दोन्हीपैकी एकाची बाजू घेऊन भांडायची मला गरज नाही. पण अगदी नवीन माणसाला मी काय सांगते ते आधीच सांगून टाकते: पहिले चार आठवडे कागद. पैसे वाचतात हे आहेच, पण खरं कारण वेगळं आहे. चित्र चुकलं की नक्की काय चुकलं हे नवीन माणसाला कळलं पाहिजे. कागदावर दोनच गोष्टी चुकू शकतात, एकतर तुम्ही नीट बघितलं नाही किंवा बघितलं ते हाताला जमलं नाही. टॅबवर ह्यात तिसरी भर पडते ती सेटिंगची, म्हणजे ब्रश भलताच निवडलाय, प्रेशर लागत नाहीये (दाबलं तरी रेष जाड होत नाही), चुकीच्या लेयरवर, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारख्या थरांपैकी भलत्याच थरावर काढत बसलोय, स्क्रीनवरचा गोल हातातल्या गोलापेक्षा चपटा येतोय, आणि नवीन माणसाला हे वेगळं करता येत नाही, तो सगळा दोष आपल्या हाताला देतो आणि सोडून देतो. मी असे सोडून दिलेले हात बघितलेत, चांगले हात होते ते, म्हणून मला हे कळकळीने सांगावंसं वाटतं.

आधी हे ठरवा की काढायचंय कशासाठी

ह्याला जास्त वेळ लागत नाही, पाच मिनिटं बसून विचार करा.

घरात शाळेतलं मूल असेल आणि एलिमेंटरी-इंटरमिजिएट द्यायची असेल तर प्रश्नच मिटला, त्या ग्रेड परीक्षा कागदावरच होतात, वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र सगळं हातानेच काढायचं असतं. पुढे जेजे स्कूल ऑफ आर्टला जायचं स्वप्न असेल तरी तेच, बीएफए म्हणजे चित्रकलेच्या पदवीच्या सीईटीला वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि डिझाइन कागदावर काढावं लागतं. पवईची आयआयटी यूसीड नावाची जी डिझाइनची प्रवेश परीक्षा घेते त्यातही ड्रॉइंगचा भाग कागदावर असतो. अशा मुलांच्या आईबाबांनी टॅबचा खर्च दोन वर्षं पुढे ढकलला तरी मुलाचं काहीही अडत नाही.

कोणाला ॲनिमेशनमध्ये, गेममध्ये, वेबकॉमिक्समध्ये जायचं असेल, तर डिजिटल लागणारच आहे, तिथे फक्त पहिला महिना कागद करा आणि लगेच टॅब्लेटवर या, उगाच "आधी पेन्सिल पक्की होऊ दे" म्हणून वर्ष घालवू नका. पेन्सिल कधीच पक्की होत नाही, माझीही नाही झाली अजून.

आणि ज्यांना छंद म्हणून, मन शांत व्हावं म्हणून काढायचंय त्यांनी एकच गोष्ट बघायची, दिवसातला कुठला अर्धा तास खरोखर आपला असतो. तो ट्रेनमध्ये असेल तर खिशात मावेल असं स्केचबुक. तो रात्री साडेदहाला सगळे झोपल्यावर असेल आणि एकाच खोलीत घर असेल तर लाइट लावता येत नाही, तिथे मोबाइल किंवा टॅबचा ब्राइटनेस कमी करून काढता येतं, हा मुद्दा फार कोणी बोलत नाही पण मुंबईत तो अगदी खरा आहे. मी स्वतः लग्नाआधी दहा बाय बारामध्ये राहिलेय, आम्ही पाच जणं, तिथे बोर्ड मांडून बसायला जागा म्हणजे सगळे जेवून उठल्यावर मिळणारा एक कोपरा.

अपवादही आहेत आणि ते महत्त्वाचे आहेत. आमच्या मजल्यावरचे एक काका रिटायर झाल्यावर चित्रं काढायला लागले, त्यांना जवळचं नीट दिसत नाही आणि हात थोडा थरथरतो. कागदावर ते रडकुंडीला यायचे. त्यांना मी सरळ टॅबवर बसवलं, झूम करून मोठं दिसतं, आणि स्टॅबिलायझर नावाची सेटिंग असते ती रेष काढताना थरथर गाळून टाकते. आता ते रोज सकाळी एक पान काढतात, त्यांच्या लहानपणच्या गिरगावातल्या गोष्टी, नळावरची रांग, गॅलरीतले वाळत घातलेले पापड. त्यांना "आधी पेन्सिल" सांगणं चुकीचं झालं असतं.

दोनशे-अडीचशे रुपयांची खरेदी

नाक्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात मिळतं सगळं, लांब जायची गरज नाही. पेन्सिली तीनच घ्या, एचबी, २बी आणि ६बी. बारा पेन्सिलींचा डबा नको, नवीन माणूस त्यातली कुठली घेऊ ह्यातच अडकतो. पेन्सिलीत शिसं नसतं, ग्रॅफाइट आणि चिकणमाती असते हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. माती जास्त तर पेन्सिल कडक आणि फिकी, ती एचवाली, ग्रॅफाइट जास्त तर मऊ आणि काळी, ती बीवाली. मिश्रणाचं प्रमाण बदलून पेन्सिल कडक-मऊ करायची ही पद्धत कोंते नावाच्या फ्रेंच माणसाने १७९५ मध्ये शोधली आणि अजून तीच चालू आहे. आपल्या शाळेच्या कंपासमधली अप्सरा, नटराज, कॅमल, काहीही चालेल, महागड्या जर्मन पेन्सिली नंतर घ्या, फरक कळायला लागल्यावर.

कागदाच्या बाबतीत मात्र थोडं बघून घ्या. झेरॉक्सचा कागद ७०-८० जीएसएमचा असतो (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, आकडा मोठा तर कागद जाड), सरावाला ठीक आहे, पण दोनतीनदा खोडलं की त्याचा वरचा थर निघतो. १२० ते १५० जीएसएमचं कार्ट्रिज पेपरचं स्केचबुक मिळालं तर उत्तम, ट्रेनमधलं खिशातलं सोडलं तर साइझ ए४ पेक्षा लहान नको. छोट्या वहीत माणूस नुसती बोटं हलवून काढतो, मनगट आणि खांदा हलतच नाही, आणि ती सवय पुढे टॅबवरही येते.

अजून एक खोडरबर, एक कटर. शार्पनरने टोक छोटं येतं, कटरने लाकूड तासून ग्रॅफाइट लांब ठेवलं की आडवी पेन्सिल धरून शेडिंग करता येतं. लहान मुलांना कटर देऊ नका, त्यांना शार्पनरच बरा.

आणि हे मुंबईसाठी खास, हाताखाली ठेवायला एक कोरा कागद. एप्रिल-मे मध्ये आपल्या तळहाताला असा घाम येतो की शेडिंग केलेल्या जागेवर हात टेकला की काळा पट्टा ओढला जातो. डावखुरे असाल तर शेडिंग उजवीकडून सुरू करा, म्हणजे आधी केलेल्यावर हात घासत नाही.

आता ग्लास

घरात कटिंगचा ग्लास असेल तर तो घ्या, नसेल तर टपरीवाल्याकडून एक मागून आणा, तो देतो. मी हाच ग्लास का सांगते तर ह्यात नवीन माणसाला लागणारं जवळजवळ सगळं आहे, आणि तो आपण आयुष्यभर बघतोय म्हणून आपल्याला वाटतं की तो आपल्याला माहितीये.

तो टेबलावर ठेवा, खिडकीचा उजेड एका बाजूने येऊ दे, आणि काढायच्या आधी दोन मिनिटं नुसता बघा. घड्याळ लावून दोन मिनिटं, हे टाळू नका. वरचं तोंड गोल आहे हे आपल्याला माहीत असतं पण दिसतो तो लंबगोल. तळही गोलच आहे, पण तो काढताना दहातले नऊ जण खाली सरळ रेघ मारतात कारण ग्लास टेबलावर सपाट बसलाय ना. नीट बघितलं तर तळाची कड वरच्या कडेपेक्षा जास्तच वाकलेली दिसते, कारण ती आपल्या डोळ्यांच्या पातळीपासून जास्त खाली आहे आणि जितकं खाली तितका तो लंबगोल उघडत जातो. ग्लास उचलून बरोबर डोळ्यांसमोर धरा, वरचं तोंड एका रेघेएवढं होईल, मग हळूहळू खाली न्या, ते उघडताना दिसेल. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की परत विसरत नाही.

मग त्या उभ्या पट्ट्या. सगळ्या सारख्या रुंदीच्या आहेत हे बोटाने चाचपून कळतं, पण दिसताना मधली पट्टी रुंद आणि कडेला जातील तशा बारीक बारीक होत एकमेकींना चिकटतात. नवीन माणूस ह्या सगळ्या सारख्या अंतरावर काढतो आणि मग ग्लास चपटा, पुठ्ठ्यातून कापल्यासारखा का दिसतोय ते त्याला कळत नाही. ह्यात हाताची काहीच चूक नसते, त्याने मनातला ग्लास काढलेला असतो, समोरचा नाही.

आता काढा. वीस मिनिटं. पहिल्या पाच मिनिटांत एचबीने अगदी हलक्या रेषा, आधी उंची आणि रुंदी, पेन्सिल हातभर लांब धरून एक डोळा मिटून अंगठ्याने माप घ्यायचं, ग्लासची रुंदी उंचीत किती वेळा बसते ते. मधोमध एक उभी रेघ, तिच्या दोन्ही बाजू सारख्या होतायत ना बघत रहायचं. लंबगोल एका झटक्यात काढायचा नाही आणि तुकडे जोडूनही काढायचा नाही, हवेतल्या हवेत दोनचार वेळा हात फिरवायचा आणि फिरता फिरताच पेन्सिल टेकवायची, खांद्यातून. पहिली दहा मिनिटं खोडरबर लांब ठेवा. चुकीची रेष तिथेच राहू दे, तिच्या शेजारी बरोबर काढा, त्या चुकीच्या रेषेकडे बघूनच कळतं की किती आणि कुठे सरकायचंय.

उरलेल्या वेळात २बी आणि ६बीने सावली, डोळे बारीक करून बघितलं की कुठे सर्वात काळं आहे ते दिसतं, काचेत ते बहुतेक तळाशी आणि कडांना असतं. काचेतली चमक काढायची नसते, तिथला कागद कोरा सोडायचा असतो.

हा ग्लास तीन वेगवेगळ्या दिवशी काढा, प्रत्येकाच्या मागे तारीख आणि काय नाही जमलं ते एका ओळीत लिहा. नंतरच्या आठवड्यांत ग्लासबरोबर तांब्या, चप्पल, कुकर, झोपलेलं मांजर, जे समोर असेल ते, रोज वीस मिनिटं. रविवार मोकळा असेल तर एखाद्या वेळी बाणगंगेच्या पायऱ्यांवर किंवा राणीच्या बागेत जाऊन बसा, लोक मागे उभे राहून बघतात, सवय होते. आणि काळा घोड्याला गेलात तर जहांगीर आर्ट गॅलरीत शिरा, एन्ट्री फुकट आहे, एखादं पेन्सिलचं किंवा चारकोलचं काम लागलेलं असलं तर अगदी जवळ जाऊन रेषा बघा, मोबाइलवर बघून रेषेचा दाब कळत नाही.

तोच ग्लास मोबाइलवर

चार आठवडे झाले की टॅब विकत घ्यायच्या आधी हे करा. मोबाइलमध्ये आयबिस पेंट किंवा स्केचबुक नावाचं ॲप डाउनलोड करा, दोन्हीत फुकट भरपूर काम होतं, आयबिसमध्ये जाहिराती येतात तेवढ्या सहन करायच्या. साधा रबराच्या टोकाचा स्टायलस शंभर-दीडशेला मिळतो, तो घ्या, किंवा बोटाने काढा. ह्यात प्रेशर लागणार नाही, म्हणजे जोरात दाबलं तरी रेष जाड होणार नाही, आणि टोक जाड असल्याने रेष नक्की कुठे पडतेय ते झाकलं जातं, हे धरूनच चाला.

नवीन कॅनव्हास, एकच पेन्सिल ब्रश, दोन लेयर, खालच्यावर हलकं स्केच आणि वरच्यावर पक्की रेष, मग खालचा लेयर बंद. बस. ब्रशच्या यादीत शिरू नका, तिथे शेकड्याने ब्रश असतात आणि संध्याकाळ निघून जाते. परत तोच ग्लास, परत वीस मिनिटं, तीन दिवस.

आणि एक प्रयोग करा, एका दिवशी अनडू, म्हणजे शेवटची रेष पुसून टाकणारं बटण, अजिबात न वापरता काढा, दुसऱ्या दिवशी हवं तितकं वापरा. मी हे ज्यांना ज्यांना करायला लावलं त्यातल्या बऱ्याच जणांना अनडूवाल्या दिवशी जास्त वेळ लागला आणि ग्लास काही जास्त चांगला आला नाही, कारण तीच रेष तीच चूक करून आठदा काढली गेली, मधे ग्लासकडे बघितलंच नाही. अनडू वाईट नाहीये, मी दिवसभर वापरते, पण अनडू मारल्यावर आधी वस्तूकडे बघायचं आणि मगच परत काढायचं ही सवय लावून घ्या.

दोन्ही ग्लास शेजारी ठेवा

सहा चित्रं समोर मांडा आणि स्वतःला विचारा, कुठे वेळ कसा गेला ते कळलं नाही. कुठलं चांगलं आलं हा प्रश्न आत्ता विचारू नका, सहा ग्लासांवर ते ठरत नाही. कागदाच्या खरखरीत पेन्सिल घासताना बरं वाटत होतं, की रंग भरून बघता येतोय, उलटं करून बघता येतंय ह्याची मजा येत होती? बिल्डिंगमधली एक दहावीतली मुलगी आहे, मला मावशी म्हणते, तिने कागदावरचे तिन्ही ग्लास छान काढले होते पण मोबाइलवरच्या ग्लासात तिने चहा भरला, चहाला रंग दिला, मागे टपरी काढली, सांगितलं नसताना. तिला रंगाची भूक होती आणि कागदावर रंग बिघडेल ह्या भीतीने ती आखडत होती. तिच्या आईला मी त्याच दिवशी सांगितलं, हिला परीक्षा झाल्यावर टॅब्लेट घेऊन द्या.

उलटही होतं. माझ्या मावसभावाने मोबाइलवरचा दुसरा ग्लास अर्ध्यात सोडला, म्हणाला दिवसभर ऑफिसात स्क्रीनच बघतो, घरी येऊन परत तेच नको. त्याने टॅब घेतला नाही आणि चांगलं केलं.

घ्यायचंच ठरलं तर

इथे नावांचा फार गोंधळ होतो म्हणून नीट सांगते. तीन प्रकार आहेत. पहिला, बिनस्क्रीनचा पेन टॅब्लेट, काळी पाटी असते, कॉम्प्युटरला जोडायची, पाटीवर काढायचं आणि समोर स्क्रीनवर बघायचं, वॅकॉम, ह्युऑन, एक्सपी-पेन ह्यांचे छोटे साधारण तीन ते पाच हजारात मिळतात. दुसरा, स्क्रीनवाला पेन डिस्प्ले, ह्यालाही कॉम्प्युटर लागतोच, किंमत कितीतरी पट. तिसरा, आयपॅड किंवा पेन येणारा अँड्रॉइड टॅब, हा एकटा चालतो, ट्रेनमध्ये नेता येतो.

घरात लॅपटॉप असेल तर नवीन माणसाने पहिलाच घ्यावा असं माझं ठाम मत आहे. लोक घाबरवतात की हात एकीकडे, डोळे दुसरीकडे, जमणार नाही. पहिले आठदहा दिवस खरंच विचित्र वाटतं आणि मग हात आपोआप जातो, माउसचंही तसंच झालं होतं ना. मानेला हा प्रकार उलट बरा, आपण सरळ बसतो, स्क्रीनवाल्यावर वाकून वाकून माझी मान धरली होती.

मी पहिला बोनस मिळाल्यावर सर्वात मोठा टॅब्लेट घेतला होता, दुकानात सांगितलं की मोठा म्हणजे प्रोफेशनल. घरी तो टेबलावर मावेना, कीबोर्ड कुठे ठेवायचा कळेना, आणि आठ महिने तो कपाटावर पडून राहिला. आपल्या घरातल्या टेबलाचं माप घेऊन मग साइझ ठरवा, साधारण वहीएवढा मिडियम पुरतो. बॉक्सवरचे प्रेशर लेव्हल ४०९६ की ८१९२ हे बघून पैसे वाढवू नका, नवीन हाताला तो फरक जाणवत नाही. पेनला बॅटरी किंवा चार्जिंग लागत नाही ना एवढं बघा, आणि निब म्हणजे पेनचं टोक बदलता येते ना, जास्तीच्या निब बरोबर येतात का.

मोबाइललाच जोडायचा विचार असेल तर बॉक्सवर अँड्रॉइड लिहिलंय का ते बघा आणि ओटीजी कनेक्टर, म्हणजे मोबाइलला यूएसबीची वायर जोडायचा तुकडा, लागेल. मोबाइल उभा असतो म्हणून बऱ्याचदा पाटीचा एक भागच चालतो, हे दुकानदार सांगत नाहीत.

जोडल्यावर पहिल्या दिवशी एवढं करा

ह्या भागात माणसं सगळ्यात जास्त अडकतात. ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरला टॅब्लेट ओळखायला लावणारं सॉफ्टवेअर, कंपनीच्या साइटवरून घ्या, जुना दुसऱ्या टॅब्लेटचा ड्रायव्हर असेल तर आधी तो काढून टाका. मग पाटीवर एक वाटी उपडी ठेवून तिच्या कडेने पेन फिरवा. स्क्रीनवर गोल आला तर ठीक, अंड्यासारखा आला तर पाटीचं आणि स्क्रीनचं प्रमाण जुळत नाहीये, ड्रायव्हरमध्ये प्रमाण कायम ठेवण्याची सेटिंग असते ती चालू करा, पाटीचा थोडा भाग वाया जातो, जाऊ द्या. ही एक सेटिंग न केल्यामुळे महिनोन्महिने सगळ्यांचे चेहरे रुंद काढणारी माणसं आहेत.

पेन दाबून धरल्यावर एक गोल रिंग येत असेल आणि रेष अडखळत सुरू होत असेल तर ते विंडोजचं दाबून-धरा-म्हणजे-राइट-क्लिक आहे, पेनच्या सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. प्रेशर लागतच नसेल तर ड्रायव्हरमधलं विंडोज इंक चालू-बंद करून बघा, दोन्हीपैकी एकावर चालतं.

घामाने हात पाटीला चिकटतो, त्यासाठी करंगळी आणि अनामिका झाकणारा ग्लोव्ह मिळतो, नाहीतर सुती रुमाल हाताखाली घ्या, मी रुमालच घेते.

सॉफ्टवेअरसाठी नवीन माणसाने पैसे घालवू नयेत. क्रिता घ्या, पूर्ण फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतं, आणि खास चित्रं काढण्यासाठीच बनवलेलं आहे. फोटोशॉपला दर महिन्याला पैसे भरायचे असतात, नोकरीत लागलं तर कंपनी देईल. आयपॅडवर असाल तर प्रोक्रिएट, एकदाच पैसे भरायचे, कॉमिक्स काढायचे असतील तर पुढे क्लिप स्टुडिओ. क्रॅक केलेलं काहीही टाकू नका, त्याबरोबर व्हायरस येतो आणि घरातल्या एकुलत्या लॅपटॉपवर मुलांचे अभ्यासाचे, बँकेचे सगळे व्यवहार असतात.

कॅनव्हास ए४, ३०० डीपीआय (छापताना एका इंचात ३०० ठिपके), म्हणजे २४८० बाय ३५०८ पिक्सेल. ही संख्या कुठेतरी लिहून ठेवा. आमच्या गल्लीतल्या मंडळासाठी मी एकदा गणपती काढला होता, हौसेने, आठ रात्री बसून, पण कॅनव्हास इन्स्टाच्या पोस्टएवढा १०८० पिक्सेलचा घेतला होता. मंडळाने तो दहा फुटी बॅनरवर छापला आणि बाप्पाच्या डोळ्यांच्या जागी चौकोन चौकोन दिसत होते. कार्यकर्ते काही बोलले नाहीत, पण मी अकरा दिवस त्या कोपऱ्यावरून मान खाली घालून गेले. छापायचं असेल तर मोठ्यातच सुरू करा, नंतर ताणून मोठं होत नाही. आणि स्क्रीनवरचे चमचमणारे हिरवे-निळे छपाईत तसे येत नाहीत, मंदावतात, त्यामुळे छापायच्या चित्रात त्या रंगांवर सगळा भार टाकू नका.

दोन्ही एकत्र

बऱ्याच जणांचा शेवटी हाच रस्ता होतो, माझाही हाच आहे. स्केच कागदावर, रंग कॉम्प्युटरवर. कागद खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात ठेवा, फ्लॅश बंद, मोबाइल कागदाच्या बरोबर वर सपाट धरून फोटो काढा, तिरका धरलात तर ग्लास परत वाकडा होईल. आयबिसमध्ये फोटो आत घेताना लाइन ड्रॉइंग एक्स्ट्रॅक्शन करायचं का असं विचारतं, हो म्हणा, कागद निघून जातो आणि नुसत्या रेषा राहतात. क्रितामध्ये लेव्हल्स नावाच्या सेटिंगने कागदाचा करडेपणा पांढरा करून घ्या, मग त्या लेयरचा मोड मल्टिप्लाय करा, पांढरं दिसेनासं होतं, खाली नवीन लेयर घ्या आणि त्यावर बिनधास्त रंग भरा. रंग बिघडला तरी पेन्सिलची रेष जशीच्या तशी राहते.

ठेवण्याबद्दल दोन गोष्टी, दोन्ही मी अनुभवलेल्या. एका जुलैमध्ये भिंतीला ओल आली आणि भिंतीला टेकवून ठेवलेली माझी सगळी कॉलेजची ड्रॉइंग्ज एकमेकांना चिकटली, बुरशीचे ठिपके आले. तेव्हापासून कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, भिंतीपासून लांब, बरोबर सिलिका जेलच्या पुड्या, त्या नवीन बुटांच्या खोक्यात येतात त्या जपून ठेवायच्या. पेन्सिलकामावर फिक्सेटिव्ह, म्हणजे पेन्सिल पुसली जाऊ नये म्हणून मारायचा स्प्रे, मारायचं तर पावसाळ्यात दमट दिवशी नको, कोरड्या दिवशी बाल्कनीत, लांबून, पातळ दोन हात.

आणि दोन वर्षांनी हार्ड डिस्क गेली, त्यात डिजिटल कामं होती, ती बुरशी लागलेली ड्रॉइंग्ज निदान दिसतात तरी, ही परत दिसलीच नाहीत. म्हणून काम संपलं की लेयरसकट मूळ फाइल एक पेनड्राइव्हवर, एक गूगल ड्राइव्हवर अपलोड, आणि त्या दिवशीची पीएनजी म्हणजे चित्राची साधी फाइल स्वतःलाच व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवून द्या, फोटो म्हणून पाठवलं तर क्वालिटी उतरते.

ट्रेनमधल्या बाई, तुम्ही हे वाचत असाल तर आज एचबी, २बी, ६बी घ्या आणि चहा झाल्यावर ग्लास विसळून तसाच टेबलावर राहू दे.